थट्टेकाड की काबिनी?

आमच्या पक्षीमित्र गटातल्या एका काकूंना दक्षिणेत एकच ठिकाण करायचंय. केरळचं थट्टेकाड की कर्नाटकातलं काबिनी?

पाहायला काय मिळतं, हे पहिलं. पेरियार नदीकाठचं थट्टेकाड म्हणजे 25 चौरस किलोमीटरचं अभयारण्य, 1983 साली पक्षीतज्ज्ञ सलीम अलींच्या सूचनेवरून झालेलं. मलबार ट्रोगन, श्रीलंका फ्रॉगमाऊथ असे पश्चिम घाटातले पक्षी इथे भेटतात. फ्रॉगमाऊथ दिवसा वाळक्या पानासारखा निश्चल बसतो; स्थानिक वाटाड्याशिवाय तो दिसणं कठीणच. काबिनी म्हणजे नागरहोळेच्या जंगलालगतचा जलाशय; मार्च ते मे तो आटतो, काठावर कोवळं गवत उगवतं आणि हत्तींचे कळप तिथे उतरतात. वाघ-बिबट्या मात्र नशिबाचा भाग. पक्षी तिथेही आहेत, पण वाघाच्या आशेवरची गाडी सुतारपक्ष्यासाठी कशाला थांबेल?

श्रम: थट्टेकाडला पायपीट, पावसाळ्यात जळवा. काबिनीत जीप किंवा बोट, गुडघे सुखी.

खर्च काबिनीचा जास्त, कारण सफारीचेही पैसे. बुकिंगआधी सफारी सुरू आहे ना, हे विचाराच.

पक्ष्यांची यादी करणाऱ्या सहा-आठ जणांनी हिवाळ्यात थट्टेकाड गाठावं. नातवंडं-आजीआजोबा सोबत असतील तर उन्हाळ्यातलं काबिनी. काकू, तुम्ही पहाटे दुर्बीण घेऊन निघणाऱ्या, थट्टेकाडच घ्या.