जीसीसी, जी++ आणि जीफोरट्रान : आठ महिने वापरल्यानंतर

कॉलेजात टर्बो सी++ हे कोड लिहून चालवायचं सॉफ्टवेअर होतं. ऑल्ट-एफ९ दाबलं की कंपाइल (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर), कंट्रोल-एफ९ दाबलं की रन. कुठल्या भाषेला कुठली कमांड, हा प्रश्न तेव्हा पडलाच नाही. आठ महिन्यांपूर्वी हाती आलेल्या कामात मात्र पाण्याच्या प्रवाहाचा जुना फोरट्रान कोड, त्याला जोडलेलं सी++ आणि मध्ये थोडं सी असं सगळं एकत्र होतं, आणि ते उबुंटू या लिनक्सवर चालवायचं होतं. तिथे कंपाइल करायला सीसाठी ‘जीसीसी’, सी++साठी ‘जी++’ आणि फोरट्रानसाठी ‘जीफोरट्रान’ अशा वेगळ्या कमांड असतात.

पहिले दोन दिवस गेले ते सी++ची फाइल ‘जीसीसी’ने कंपाइल करण्यात. ‘सीआउट’साठी (स्क्रीनवर छापायची सोय) ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’, म्हणजे ‘हे नाव सापडत नाही’ असा एरर, येत राहिला आणि मी कोडमध्ये चूक शोधत बसले. चूक कोडमध्ये नव्हतीच. ‘जीसीसी’ फाइलचं एक्स्टेन्शन बघून भाषा ओळखतं, त्यामुळे ‘.सीपीपी’ फाइल ते नीट कंपाइल करतं. पण लिंक करताना, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे एकत्र जोडताना, सी++ची स्टँडर्ड लायब्ररी (भाषेसोबत येणारा तयार कोड) जोडत नाही. ‘जी++’ ती आपोआप जोडतं. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ ही लिंकरची तक्रार असते, हे तेव्हा कळलं असतं तर ते दोन दिवस वाचले असते.

उलटा घोळही होतो. ‘.सी’ फाइल ‘जी++’ला दिली की ते ती सी++ म्हणूनच वाचतं. मग ‘मॅलॉक’ या मेमरी मागणाऱ्या फंक्शनचा पॉइंटर (मेमरीचा पत्ता) कास्ट न करता, म्हणजे त्याचा प्रकार न बदलता, ठेवला, की सीमध्ये बिनतक्रार चालणारी ओळ इथे एरर देते.

सगळ्यात जास्त त्रास फोरट्रानने दिला, आणि तो एरर न देता. ‘.एफ९०’ फाइलमध्ये ओळ कुठूनही सुरू करता येते, ‘.एफ’ म्हणजे पंचकार्डांच्या काळातला साचा, ज्यात मजकूर ७व्या ते ७२व्या रकान्यातच लागतो. त्यापुढची अक्षरं कंपाइलर सोडून देतो. आमच्या एका लांब समीकरणाचं शेवटचं व्हेरिएबल असंच अर्धं कापलं गेलं. ‘इम्प्लिसिट नन’ (प्रत्येक व्हेरिएबल आधी जाहीर करायची सक्ती) लिहिलेलं नसल्याने उरलेलं अर्धं नाव नवं व्हेरिएबल ठरलं. प्रोग्राम चालला, उत्तर चुकीचं आलं. कमांडला ‘वॉल’ हा फ्लॅग (नेहमीच्या वॉर्निंग दाखवणारा पर्याय) लावला असता तर ओळ कापली जातेय ही वॉर्निंग दिसली असती. तेव्हापासून त्याच्याशिवाय मी काहीच कंपाइल करत नाही, आणि जुन्या फाइल्सना ओळीची मर्यादा १३२ करणारा फ्लॅगही देते.

आता पद्धत अशी बसली आहे: प्रत्येक फाइल तिच्या भाषेच्या कमांडने, ‘-सी’ हा ‘फक्त कंपाइल कर’ सांगणारा फ्लॅग लावून, आधी ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल झालेला, अजून न जोडलेला तुकडा) करायची. मुख्य प्रोग्राम फोरट्रानमध्ये आहे, म्हणून शेवटचं लिंकिंग ‘जीफोरट्रान’ने, आणि त्या कमांडमध्ये सी++ची लायब्ररी ऑब्जेक्ट फाइल्सच्या नंतर. तिची जागा चुकली तर पुन्हा तोच ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ येऊ शकतो.

नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. उबुंटूवर ‘बिल्ड-इसेन्शियल’ या पॅकेजमधून जीसीसी आणि जी++ मिळतात, जीफोरट्रान वेगळं घ्यावं लागतं. आणि मॅकवर ‘जीसीसी’ टाइप केलं की सहसा क्लँग हा दुसराच कंपाइलर चालतो, त्यामुळे ‘--व्हर्जन’ आधी बघा.

‘ओ२’ (प्रोग्राम वेगवान करणारा), ‘जी’ (चुका शोधायला माहिती ठेवणारा), ‘वॉल’ हे फ्लॅग तिन्ही कमांडना सारखेच लागतात, हे मला फार आवडलं. सी++मधल्या टेम्प्लेटच्या (वेगवेगळ्या प्रकारांसाठी एकच कोड लिहायच्या साच्याच्या) एररची पानभर लांबी मात्र अजूनही छळते. त्यातली ‘एरर’ शब्दाची पहिली ओळ शोधून मी तिथूनच वाचायला लागते.