गंजलेला जुना पिकअप घ्यावा की रंगवून तयार असलेला?

जुना पिकअप घ्यायचाय, हळूहळू दुरुस्त करत बसायला, तर गंजलेला घ्यावा की कोणीतरी आधीच करून ठेवलेला घ्यावा, असं मला बऱ्याच जणांनी विचारलंय कारण मी यातून गेलोय. माझ्याकडे महिंद्राचा एफसी-१५० आहे, तोच चपट्या तोंडाचा, ज्यात ड्रायव्हर आणि शेजारच्याच्या मधे डब्याखाली इंजिन असतं. घ्यायच्या आधी मी दोन बघितले होते. दोन्ही एफसीच, दोन्ही साठच्या दशकातल्या शेवटाकडचे. एक सासवडच्या बाजूला एका शेतात, चिंचेखाली, हौद्यात गवत उगवलेलं. दुसरा पिंपरीकडे एका डीलरकडे, हिरवा चकचकीत रंग, नवीन टायर, सीटला नवीन रेग्झिन. किंमत तिपटीच्या आसपास.

आधी रंगवलेल्याची बाजू सांगतो, कारण ती कमी नाहीये. तो त्याच दिवशी चालवत घरी नेता येतो, ब्रेक लागतात, लाइट लागतात, घरचे लोक खूश. तुमचा फ्लॅट कोथरूड-कर्वेनगरला असेल आणि एकच पार्किंग असेल तर गंजलेल्याचा विचार करणंच अवघड आहे, रविवारी सकाळी ग्राइंडर लावला की सोसायटीत पहिला फोन चेअरमनना जातो आणि त्यात त्यांची काही चूक नाही. मला धायरीच्या पुढे एक शेड भाड्याने घ्यावी लागली, ती दोन मित्रांबरोबर वाटून घेतली म्हणून परवडली. तर जागा नसेल, किंवा लहान मुलं घरात आहेत आणि रविवार हा एकच दिवस त्यांचा आहे, तर रंगवलेला घ्या, मी अजिबात नाक मुरडणार नाही.

पण मी नाही घेतला, आणि त्याचं कारण एकच, पुट्टी, म्हणजे रंगाच्या आधी पत्र्यावरचे खड्डे भरायला लावतात तो लेप.

डीलरकडे जाताना मी फ्रिजवरचं एक मॅग्नेट मऊ फडक्यात गुंडाळून नेलं होतं, म्हणजे रंगाला ओरखडा नको. दरवाजाच्या वरच्या भागाला ते खटकन चिकटलं. तसंच खाली सरकवत आणलं, तर तळापासून वीतभर वर असतानाच पकड सुटली आणि मॅग्नेट हातात आलं. दुसऱ्या दरवाजाला पण तसंच, पायरीच्या वरच्या पट्टीला तर पूर्ण लांबीत कुठेच धरेना. बोटाच्या पेराने ठोकून बघितलं, वर टणटण वाजतंय, खाली नुसतं थप. मग खाली वाकून दरवाजाची खालची कड बघितली. जुन्या गाड्यांच्या दरवाजाला तळाशी छोटी भोकं असतात, काचेच्या फटीतून आत गेलेलं पावसाचं पाणी बाहेर पडावं म्हणून. ती भोकं पुट्टीने लिंपलेली होती आणि वरून छान हिरवा रंग. म्हणजे आता पाणी आत जाणार आणि तिथेच बसणार.

मी म्हटलं, जरा टोकदार स्क्रू ड्रायव्हर लावून चेसिस बघू का खालून, तर उत्तर आलं, "साहेब, कोटिंग खराब होईल." चेसिसला सगळीकडे काळं जाड कोटिंग मारलेलं. त्यांच्या बाजूने बघितलं तर बरोबरच आहे, रंगवलेली वस्तू कोण कोचू देईल. पण मला तिथेच कळलं की या गाडीत नक्की काय आहे ते मला पैसे दिल्यावरच कळणार, आणि तेही एखादा पावसाळा गेल्यावर. हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. पैशापेक्षा जास्त ते न दिसणंच खटकलं.

पुट्टी वाईट नसते हो, नीट घासलेल्या कोऱ्या पत्र्यावर दोन-तीन मिलिमीटर थर असेल तर ती वर्षानुवर्षं राहते. वाईट असतं ते गंजावर मारणं. खाली गंज जिवंत असतो, आतल्या बाजूने त्याला ओल मिळत राहते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे वरचा थर उचलला जातो आणि रंगाला फोड येतात. माझ्या मावसभावाने अशीच एक रंगवलेली जीप घेतली होती, जुलैत दरवाजाखाली मुगाएवढे फोड आले, दिवाळीपर्यंत ते रुपयाएवढे झाले, आणि सोलून बघितलं तर आत फायबरची जाळी, तिच्या मागे जुना कुजलेला पत्रा तसाच, आणि एका ठिकाणी पत्र्यावर पत्रा ठेवून वेल्डिंगचे चार टाके मारलेले. शेवटी सगळं कापून नवीन पत्रा लावला. म्हणजे कामाचे पैसे एकदा किमतीत दिले, मग ते काम काढायचे दिले, मग परत करायचे दिले.

सासवडच्या गाडीला दरवाजाचा तळ नव्हताच. हौद्याची जमीन दोन ठिकाणी आरपार, पायाखालचा पत्रा चाळणी झालेला. पण सगळं दिसत होतं. ज्यांची गाडी होती ते अण्णा स्वतःच म्हणाले, "कोचा की, काय कोचायचं ते कोचा." तास-दीड तास मी आणि मेस्त्री खाली पडून होतो. मेस्त्री एकेक जागा ठोकत गेले आणि मला सांगत गेले की हा वरचा गंज आहे, घासला की जाईल, आणि हा खाल्लेला आहे, कापायला लागेल. खडूने खुणा केल्या. संध्याकाळपर्यंत किती पत्रा लागेल याचा अंदाज माझ्या वहीत होता आणि पुढे तो फार चुकला नाही. आपली हवा पण यात मदत करते असं मला वाटतं, पुणे, सासवड, पुढे फलटण-सोलापूरकडे गेलं की हवा कोरडी, गाडी वरून भयंकर दिसली तरी जाड लोखंड बऱ्याचदा टिकलेलं असतं. एमएच-०८ किंवा एमएच-०७, म्हणजे कोकणात आयुष्य काढलेली गाडी असेल तर मी दुप्पट वेळ खाली झोपून बघेन.

अर्थात गंजलेला म्हणजे कुठलाही गंजलेला नाही. दरवाजे, हौदा, फ्लोअर, मडगार्ड हे सगळं आपल्याकडे बनतं, चांगला पत्र्याचं काम करणारा फॅब्रिकेटर असला की झालं. पण पाट्यांचे (म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) हँगर जिथे चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, बसतात तिथे स्क्रू ड्रायव्हर आत गेला तर मी गाडी सोडून देईन. आणि सगळ्यात आधी चेसिस नंबर बघा, तारेच्या ब्रशने हलकेच घासून, आरसीशी एकेक आकडा ताडून. तो गंजाने खाल्ला असेल आणि वाचता येत नसेल तर परत पंच करायला आरटीओची परवानगी लागते, आणि ज्या गाडीच्या कागदांवर नाव तिसऱ्याच माणसाचं आहे तिथे तो उद्योग फार लांबतो. आरसी नसेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी मी तरी नाही म्हणेन.

कागदांवरूनच दुसरी गोष्ट आठवली जी रंगवलेल्या गाडीच्या बाबतीत लोक विचारत नाहीत. एफसीला मूळ इंजिन विलीजचं हरिकेन, २.२ लिटर पेट्रोल, ज्यात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमधे आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमधे असतो. पेट्रोल परवडत नाही म्हणून पुढे अशा कित्येक गाड्यांना डिझेल इंजिनं बसवली गेली. पिंपरीच्या त्या हिरव्या गाडीत पण डिझेलच होतं. चालायला उत्तम, पण २०२१ साली केंद्राने जे व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले त्यात पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, खासगी वापराची, आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली गाडीच व्हिंटेज धरली जाते. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, १० वर्षांसाठी, व्हीए सिरीजचा नंबर. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, आणि एमएच-१२ यायच्या आधीचा तो तीन अक्षरी नंबर राहिला की काय वाटतं ते ज्याला वाटतं त्यालाच कळेल. सासवडच्या गाडीत हरिकेन होतं, जाम झालेलं, पण होतं, आणि इंजिनाचा नंबर आरसीशी जुळत होता. मात्र व्हिंटेजमधे नोंदवली तर रोज फिरवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल-दुरुस्ती एवढंच. दर रविवारी मुळशीला जायचं स्वप्न असेल तर नेहमीची फिटनेस आणि रिन्यूअलचीच वाट धरावी लागेल. आणि आरसीवर गाडी मालवाहतुकीची आहे का खासगी तेही बघा, पिकअप बऱ्याचदा मालवाहतुकीत असतात आणि सुटी करून ठेवलेली गाडी फिटनेसला कशी नेणार.

पार्ट्सचं म्हणाल तर दोन्हीला सारखंच. ब्रेक, क्लच, बेअरिंग वगैरे जीपचं बरंच काही नाना पेठेत विचारत फिरलं की मिळतं, बुश आणि पिना भोसरीत लेथवर करून मिळतात, हँडल, मीटर, लाइटच्या रिंगा असलं काही बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात नशिबात असेल तर. चिखलीला कुदळवाडीत आधी भंगारात खूप काही सापडायचं, २०२५ च्या फेब्रुवारीत ती दुकानं पाडली त्यानंतर शोधाशोध वाढलीये. पेट्रोल इंजिन ठेवणार असाल तर पेट्रोलचे सगळे रबरी पाइप आणि डायफ्राम पहिल्याच झटक्यात बदला, आताच्या पेट्रोलमधे २० टक्के इथेनॉल असतं, जुनं रबर ते फुगवतं आणि टाकीत ओल धरली की आतून गंज सुरू.

खर्चाचं खरं सांगायचं तर शेवटी बेरीज केली तर माझी गाडी रंगवलेल्या गाडीच्या किमतीच्या जवळ गेली, कदाचित थोडी पुढेच. वेळ तर विचारू नका. त्यामुळे स्वस्त पडते म्हणून गंजलेली घेऊ नका. फरक एवढाच की माझ्या दरवाजाच्या आत काय आहे ते मला माहितीये, रेड ऑक्साईड (गंज धरू नये म्हणून रंगाखाली लावतात तो तांबडा थर) कुठपर्यंत लावलाय, कुठला पत्रा नवीन, कुठला मूळचा, आणि तळाची भोकं उघडी आहेत. पावसात गाडी उभी असली तरी मी शांत झोपतो.

ज्यांना एवढा जुना नकोय त्यांच्यासाठी टाटामोबाईल २०६ आहे, १९८८ साली आलेली, आपल्या पुण्यातच बनलेली, नंतरची सिएरा तिच्यावरूनच निघाली. पार्ट्स सोपे, चालवायला सोपी, व्हिंटेजमधे मात्र इतक्यात बसणार नाही. तिथे पण माझं मत तेच, मूळ रंगातली, गंज उघडा दिसणारी शोधा. आणि रंगवलेलीच आवडली असेल तर डीलरला आधी विचारून घ्या की काम चालू असतानाचे, रंगाच्या आधीचे, कोऱ्या पत्र्याचे फोटो आहेत का. ज्याने मनापासून काम केलंय त्याच्या मोबाइलमधे ते असतातच, आणि ते फोटो बघून समाधान झालं तर जरूर घ्या.