कोनोस की माय फादर्स वर्ल्ड: घरी शिकवायला बसण्याआधी

इथे अमेरिकेत रविवारी चर्चमधली उपासना सुटली की पार्किंगमध्ये कुणी ना कुणी मराठी आई गाठतेच. मुलांना घरीच शिकवायचं ठरलंय, युनिट स्टडी हवी आहे, ख्रिस्ती हवी आहे, हाताने काही करायला लावणारी हवी आहे; मग कोनोस घेऊ की माय फादर्स वर्ल्ड? मी हे दोन्ही अमेरिकन अभ्यासक्रम वापरलेत. मोठा सहाचा आणि धाकटी चारची असताना कोनोस, मोठा नऊचा झाल्यावर माय फादर्स वर्ल्ड. म्हणून आधी मीच उलट विचारते: रविवारी रात्री भांडी आवरून झाल्यावर तुमच्या अंगात किती त्राण उरतं? निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

ज्यांनी हा शब्द नुकताच ऐकलाय त्यांच्यासाठी थोडक्यात: युनिट स्टडीत एक विषय धरायचा आणि इतिहास, विज्ञान, चित्रकला, वाचन सगळं त्या एकाच खुंटीला टांगायचं. सहा वर्षांचा आणि दहा वर्षांची एकाच टेबलाशी बसतात, ज्याला झेपेल तेवढं तो घेतो. नियमित गणिताचं पुस्तक दोन्हींत वेगळं घ्यावं लागतं, तो खर्च आधीच धरा. (पाढे आमच्याकडे बे एके बे असेच होतात. त्याला डॉलर पडत नाहीत.)

कोनोस

टेक्सासमधल्या कॅरोल थॅक्स्टन आणि जेसिका हल्सी या दोन आयांनी १९८०च्या दशकात हा अभ्यासक्रम बांधला. तीन जाडजूड खंड आहेत. त्यांतली प्रकरणं विषयांची नाहीत, गुणांची आहेत. पहिल्या खंडात लक्ष देणं, आज्ञापालन, नीटनेटकेपणा, प्रामाणिकपणा, विश्वास, धीर. लक्ष देण्याखाली डोळा, कान, पक्षी येतात. आज्ञापालनाखाली राजे-राण्या आणि मध्ययुगातले सरदार येतात, आणि शेवटी सगळ्यांनी वेष करून जेवायची मेजवानी. गुण आणि विषय यांची सांगड कुठे कुठे ओढूनताणून वाटते, पण मुलांना त्याचं काही नसतं.

कोनोसचा सगळ्यात गाजलेला उपक्रम म्हणजे घरात माणसाच्या आकाराचा कान उभा करणं. आम्ही केला. जेवणाच्या खुर्च्या दोन रांगांत लावून त्यांवर चादरी टाकल्या, ती कानाची नळी. शेवटी पुठ्ठ्याच्या चौकटीवर ताणलेला प्लास्टिकचा कागद, तो पडदा. त्यामागे कानातली तीन हाडं: हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब म्हणजे काय हे मुलांना कळेना, तेव्हा नगरच्या टांग्याची गोष्ट काढली आणि मग लक्षात आलं की टांग्याला रिकीब नसतेच. शेवटी घोडेस्वाराच्या चित्रात त्याची पाय ठेवायची कडी दाखवली. कर्णावर्तासाठी, म्हणजे कानातल्या गोगलगायीसारख्या भागासाठी, आईची जुनी नऊवारी गोल गोल गुंडाळून ठेवली, नऊ वार कुठेतरी कामी आले. मोठ्याने आवाजाचं सोंग घेतलं आणि तो रांगत निघाला, पडद्याला डोकं आपटलं, हाडं हलवली, साडीत घुसला आणि पलीकडे ‘मेंदूत’ बसलेल्या धाकटीला म्हणाला, ‘शमुवेला, शमुवेला!’ ती म्हणाली, ‘हा मी आहे.’ ते मी शिकवलेलं नव्हतं. सकाळी शास्त्रपाठात देवाने रात्री हाक मारलेल्या शमुवेलाची गोष्ट झाली होती, ती त्यांनी आपणच जोडून घेतली. आज तीन वर्षांनी कानाचे भाग विचारले तर दोघंही घडाघडा सांगतात.

आता दुसरी बाजू. कोनोस तुम्हाला तयार ताट वाढत नाही, भाजीबाजार दाखवतं. एकेका गुणाखाली इतके उपक्रम असतात की निम्मे सोडावेच लागतात, आणि काय सोडायचं हे कुणी सांगत नाही. रविवारी रात्री बसून आठवड्याचं आखायचं, ग्रंथालयातून पुस्तकं राखून ठेवायची, पुठ्ठा-गोंद-सुतळी जमवायची. मी ते दोन वर्षं केलं. पुढे नोकरी अर्धवेळ का होईना सुरू झाली, आणि मार्चपर्यंत आम्ही नीटनेटकेपणाचं प्रकरण अत्यंत अस्ताव्यस्त अवस्थेत सोडून दिलं. तयारीचा भार हलका करणारे ‘कोनोस इन अ बॉक्स’सारखे, सामानासकट दिवसवार आखलेले संचही निघाले आहेत. पहिल्यांदाच करणाऱ्या आईने तिथून सुरुवात केली तर माझ्यासारखी दमछाक होणार नाही.

माय फादर्स वर्ल्ड

हे डेव्हिड आणि मरी हेझल यांचं. दोघं बायबल भाषांतराच्या सेवाकार्यातून आलेले, आणि ते पानोपानी जाणवतं. इथे आखणी तुमच्यासाठी झालेली असते. आठवड्याचा तक्ता उघडायचा, सोमवारच्या चौकटीत पाहायचं, शास्त्रभाग, इतिहास, विज्ञान, चित्र, संगीत, आणि खूण करत खाली यायचं. बालवर्गात इंग्रजी अक्षरं एकेका निर्मितीशी बांधलेली आहेत: एसला सूर्य, एमला चंद्र, एलला पान. सूर्याच्या आठवड्यात सावल्या मोजायच्या आणि येशू जगाचा प्रकाश कसा ते बोलायचं. बालवर्ग आणि पहिलीत वाचायला शिकवण्याचीही सोय आहे. कोनोसमध्ये ती अजिबात नाही, हे लहान मुलांच्या आयांनी विसरू नये.

तिसरी ते आठवीसाठी पाच वर्षांचं चक्र आहे आणि घरातली सगळी मुलं त्यात एकत्र फिरतात. एक वर्ष जगातले देश आणि संस्कृती, मग उत्पत्तीपासून ग्रीकांपर्यंत, रोमपासून धर्मसुधारणेपर्यंत, आणि शेवटची दोन वर्षं शोधप्रवासांपासून आजपर्यंत. त्या शेवटच्या दोन वर्षांत अमेरिकेचा इतिहास भरपूर आहे.

हाताने करायचं इथे कमी आहे का? हो, आणि जे आहे ते धड्याच्या शेवटी येतं. कोनोसमध्ये करणं हाच धडा, इथे करणं ही धड्याची पुरवणी. पण ग्रीकांपर्यंतच्या वर्षात जुन्या करारातले सण घरी पाळून पाहायचे असतात, आणि आमच्या घरात सगळ्यात जास्त लक्षात राहिलेला दिवस तोच. वल्हांडणाचं जेवण, इस्राएली लोक मिसरातून घाईने निघाले त्याच्या आठवणीचं. अमेरिकन आया त्यासाठी दुकानातून मात्झो, म्हणजे न फुगवलेली कडक पोळी, आणतात. आपल्या शास्त्रात लिहिलंय बेखमीर भाकरी आणि कडू भाजी. मी ज्वारीच्या भाकरी थापल्या आणि मेथी परतली. धाकटी ताटाकडे बघून म्हणाली, ‘हे तर आपण मंगळवारी पण खाल्लं!’ मग खमीर म्हणजे काय, घाईत निघालेल्या माणसांनी पीठ फुगायची वाट का पाहिली नाही, पाव आणि भाकरीत फरक काय, यावर अर्धा तास गेला. तक्त्यात त्याला पंधरा मिनिटं दिली होती.

विश्वास कुठे बसतो

दोन्ही अभ्यासक्रम ख्रिस्ती आहेत, पण बांधणी वेगळी आहे. कोनोसमध्ये विश्वास स्वभाव घडवण्याच्या वाटेने येतो. माय फादर्स वर्ल्डमध्ये तो शास्त्राच्या क्रमाने आणि जगभरच्या सुवार्ताकार्याच्या ओढीने येतो. दोन्ही मूळचे प्रॉटेस्टंट, इव्हँजेलिकल घरातले. वसईकडच्या कॅथलिक घरांनी धर्मसुधारणेचं वर्ष घेण्याआधी पुस्तकं चाळून घ्यावीत आणि संतांच्या चरित्रांची भर स्वतः घालावी.

आपलं काही घालायचं असेल तर कोनोस जास्त मोकळं आहे. निर्धार या गुणाखाली मी पंडिता रमाबाई घेतल्या: मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणायला बसलेली बाई, केडगावचं मुक्ती मिशन, आणि नकाशावर केडगाव. माय फादर्स वर्ल्डचा तक्ता इतका भरलेला असतो की असं काही घालायचं तर दुसरं काही काढावं लागतं. तरी विल्यम केरी या इंग्रज मिशनरीची गोष्ट निघाली की थांबाच. १८०५ साली त्याने मराठीचं व्याकरण छापलं, १८१०मध्ये शब्दकोश, तोही मोडी लिपीत. १८३१ साली अमेरिकन मिशनरी नगरला येऊन शाळा काढत होते, आणि आज नगरची मी अमेरिकन आयांकडून घरी शिकवायला शिकतेय, हेही मुलांना गमतीचं वाटलं.

तुम्ही कुठे राहता

टेक्सास आणि न्यू जर्सीत घरी शिकवतो असं कुणाला कळवायची सक्ती नाही, तिथे कोनोसची बेशिस्त खपते. न्यूयॉर्कमध्ये दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो, तासांचा हिशेब लागतो. तिथे माय फादर्स वर्ल्डचा खुणा केलेला तक्ता जीव वाचवतो. पेनसिल्व्हेनियात वर्षअखेरीस मुलाच्या कामाची फाइल मूल्यमापकाला दाखवायची असते, आणि कानाच्या बोगद्याचे फोटो तिथे उलट उपयोगी पडतात.

पुण्या-मुंबईतून विचारणाऱ्यांना मी कोनोस सुचवत नाही. ते अमेरिकेतल्या फुकट सार्वजनिक ग्रंथालयावर उभं आहे, आणि आठवड्याला मुलांची वीस इंग्रजी पुस्तकं तिथे कुठून आणणार? माय फादर्स वर्ल्डची पुस्तकं एकत्र संचात मिळतात, टपाल आणि जकातीचा भुर्दंड पडतो इतकंच. शेवटच्या दोन अमेरिकी वर्षांऐवजी भारताचा इतिहास घ्या. आणि पुढे दहावीसाठी एनआयओएसचा, म्हणजे शाळेत न जाता परीक्षा देता येणाऱ्या राष्ट्रीय मुक्त शिक्षण मंडळाचा, विचार आतापासून करा, तिथे दहावीला प्रवेश चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतो.

मुलं पाचच्या आतली असतील तर यातलं काहीच नको. ‘फाइव्ह इन अ रो’ घ्या: एकच चित्रपुस्तक पाच दिवस रोज वाचायचं, आणि रोज त्यातून एक वेगळा विषय काढायचा. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी त्याचा वेगळा भाग आहे. मूळ अभ्यासक्रमात बायबल नाही, पुरवणी वेगळी मिळते. उलट घरात चौदा-पंधरा वर्षांची पुस्तकवेडी मुलं असतील तर ‘टॅपेस्ट्री ऑफ ग्रेस’ पाहा, चार वर्षांत सगळा जगाचा इतिहास. वाचन मात्र प्रचंड.

बाकी सर्वांना माझं सांगणं: एक किंवा दोन मुलं, आई घरी, हात मळलेले चालतात, तर कोनोस. तीन मुलं, नोकरी, किंवा नवऱ्यालाही अधूनमधून शिकवायला बसवायचं असेल तर माय फादर्स वर्ल्ड. तक्ता पाहून कुणीही शिकवू शकतं. आमच्याकडे आता शाळेचं वर्ष तक्त्यावर चालतं आणि जूनमध्ये कोनोसमधला एकच तुकडा काढतो. यंदा धाकटीने डोळा मागितलाय. फ्रिजचं खोकं मी गॅरेजमध्ये जपून ठेवलंय.