परदेशी पार्सलचा विमा : पैठणहून दहा महिन्यांचा अनुभव

पॅकिंगसकट वजन भरलं ९४० ग्रॅम, किंमत ३२,००० रुपये. गिऱ्हाइकाला पाठवलेली आसावलीच्या काठाची ती पैठणी मागच्या मे महिन्यात दुबईच्या वाटेवर गायब झाली आणि कुरिअरवाल्यांनी भरपाई म्हणून हातावर टेकवले २,८०० च्या आसपास रुपये. मला आधी वाटलं एक शून्य राहिलं असेल. फोन केला तर तिकडचा पोरगा शांतपणे म्हणाला, "मॅडम, नियमाप्रमाणे वजनावर असतं."

नियम खरंच तसा आहे. विमानानं जाणाऱ्या मालाला १९९९ चा मॉन्ट्रियल करार लागतो, आपला देश २००९ पासून त्यात आहे. माल हरवला तर वाहतूकदाराची जबाबदारी किलोमागे २६ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक), म्हणजे साधारण ३५ डॉलर. हा आकडासुद्धा डिसेंबर २०२४ मध्ये वाढवलेला, त्याआधी २२ होता. पाठवताना जादा किंमत जाहीर करून जादा पैसे भरले असतील तर गोष्ट वेगळी, नाहीतर पैठणी आणि कांदे एकाच काट्यावर. (टपालाला हा करार लागू नाही, त्याचे नियम निराळे.)

त्यानंतर जूनपासून मी विमा घ्यायला लागले. बुकिंग करतानाच तिथं पर्याय येतो. दर किमतीच्या सव्वा टक्का, वर १८ टक्के जीएसटी. बत्तीस हजारांच्या साडीला ४७२ रुपये. दहा महिन्यांत ६१ पार्सलं गेली, त्यातल्या ३८ वर विमा काढला. प्रीमियम सगळा मिळून ११,८०० च्या घरात. क्लेम केले तीन : एक पूर्ण मिळाला, एक अर्धामुर्धा, एक नाकारला.

सुरुवातीला मी विम्याचा निर्णय गिऱ्हाइकावर सोडला होता. ऑर्डरच्या पानावर पुतणीनं चौकोन टाकून दिला, "विमा हवा असल्यास खूण करा". दहातले आठ जण खूण करत नव्हते. मला वाटायचं, बरं झालं, आता हरवलं तर त्यांचं ते बघतील. कसलं काय! न्यू जर्सीला राहणाऱ्या, मूळच्या लातूरच्या एका ताईंचं पार्सल ट्रॅकिंगवर 'डिलिव्हर्ड' दिसत होतं आणि त्या फोनवर सांगत होत्या, "काकू, दारात काहीच नाही हो." त्यांनी कार्डाच्या बँकेकडं तक्रार टाकली, बँकेनं पैसे माझ्या खात्यातून परत ओढले. चौकोनात खूण नव्हती हे तिथं कुणी विचारलंसुद्धा नाही.

ब्रिटनमध्ये तर कायद्यातच लिहिलंय. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे माल गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची. युरोपातही तसंच. मग विम्याचे पैसे गिऱ्हाइकाकडून सक्तीनं वेगळे मागायचे कशाच्या जोरावर? विमा उतरतो तो माझ्या नुकसानीचा. 'सक्तीचा विमा ४७२ रुपये' अशी ओळ बिलात दिसली की माणूस बिचकतो, हेही पाहिलं. ऑक्टोबरपासून चौकोन काढून टाकला. पाच हजारांच्या वरच्या प्रत्येक पार्सलवर विमा काढतेच, आणि तो खर्च किमतीत धरते. त्याखालच्या वस्तूंवर, म्हणजे हिमरू कापडाचे बटवे, टेबलावरचे रुमाल, यांवर काढत नाही. एखादा गेला तर दुसरा पाठवते, ते स्वस्त पडतं. सक्ती असावी की नसावी म्हणाल तर असावी, पण विकणाऱ्यानं स्वतःवर.

आता क्लेमचं. पूर्ण मिळाला तो सिंगापूरचा, २८,५०० ची साडी. पार्सल हरवल्याचं पत्र कुरिअरकडून मिळवायलाच पाच आठवडे गेले, ते हातात आल्यावर पैसे अकरा दिवसांत जमा. कागद लागले ते असे : बिल, वजनाची पावती, बँकेत पैसे आल्याची नोंद, गिऱ्हाइकाचं 'मिळालं नाही' असं लेखी, आणि पॅकिंगचे फोटो. फोटो होते म्हणून निभावलं.

अर्धामुर्धा म्हटलं तो माझ्याच पापाचा. लेस्टरच्या एका वहिनींनी गळ घातली, "काकू, भेट म्हणून लिहा ना, किंमत थोडी कमी टाका, इकडं ड्युटी फार लावतात." शाल होती १४,००० ची, मी लिहिले ४,०००. पार्सल वाटेत हरवलं. विमा कंपनीनं मुकाट्यानं ४,००० दिले आणि मी वहिनींना १४,००० परत केले. तिकडं भेटवस्तूला सूट ३९ पौंडांपर्यंतच आहे, तीही एका माणसानं दुसऱ्या माणसाला खरोखर भेट पाठवली तर. दुकानदारानं विकलेला माल भेट होत नाही, म्हणजे कागद खोटा आणि वर नुकसान माझं. आता कुणी असं म्हणालं की मी सरळ सांगते, "वहिनी, खरी किंमत लिहिली तरच विमा लागतो." बहुतेक जणी ऐकतात. एकीनं ऑर्डर रद्द केली. केली तर केली.

नाकारला तो पावसाळ्यातला. तीन हिमरू शाली ओल्या होऊन पोचल्या, रंग एकमेकींना लागलेला. विमा कंपनीच्या सर्व्हेअरचं म्हणणं, आतून प्लॅस्टिक नव्हतं, पॅकिंग अपुरं. चिडले होते मी, पण खोटं नव्हतं ते. माझे सासरे विम्याचं पार्सल करायचे तेव्हा मांजरपाटात शिवून सांध्यासांध्यावर लाखेची मोहोर उठवायचे, आणि मी पुठ्ठ्याच्या खोक्यावर खाकी टेप मारून मोकळी! आता साडी आधी मलमलमध्ये, मग दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या, मग खोका. पैठणीची जर ओलीनं काळवंडते, तिला दमट हवाच पुरते. प्रत्येक टप्प्याचा फोटो, शेवटचा काट्यावर ठेवून, आकडा दिसेल असा. विणणारे मामा हसतात मला. म्हणतात, "लेकीच्या लग्नाचे एवढे फोटो काढले नव्हते."

विमा कशाला लागत नाही हेही सांगते, कारण घेताना हे कुणी बोलत नाही. उशीर झाला तर काही नाही. कस्टमनं अडवलं तर काही नाही. 'डिलिव्हर्ड' पडल्यावर दारातून चोरीला गेलं तर माझ्या योजनेत काही नाही, म्हणून आता सहीशिवाय देऊ नये असा पर्याय घेते, त्याचे पैसे वेगळे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची करमाफी बंद केली. आपल्या पोस्टानं २५ ऑगस्टपासून तिकडची बहुतेक पार्सलं घेणंच थांबवलं, ते १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झालं. त्या मधल्या काळात कुरिअरनं पाठवलेली दोन पार्सलं गिऱ्हाइकांनी ड्युटीचा आकडा बघून घेतलीच नाहीत. परत आणायचं भाडं मीच भरलं. विमा होता दोन्हींवर, उपयोग शून्य.

तक्रार एकच, पण मोठी : नुकसान सात दिवसांत कळवायची अट. परदेशातली बाई साडी सणाला नेसायला काढते, पोचल्याच्या दिवशी नाही. म्हणून पार्सलमध्ये मराठीत चिठ्ठी घालते : आजच उघडा, आजच फोटो पाठवा, खोका टाकून देऊ नका.

या विम्याला पाचपैकी साडेतीन देईन. नाथषष्ठीच्या गर्दीत आलेल्या एका पाहुण्यांनी लंडनच्या सुनेसाठी मुनिया काठाची पैठणी सांगून ठेवली होती, ती परवा मागावरून उतरली. उद्या जाईल. किंमत खरी, ४१,०००, विमा ६०५ रुपये, फोटो सात.