केव्हीएम होस्टवर फ्लॅश कॅशे: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या केव्हीएम होस्टवरचा, म्हणजे लिनक्सवर व्हर्च्युअल मशिन (आभासी संगणक) चालवणाऱ्या सर्व्हरवरचा, डेटा अजूनही हार्ड डिस्कच्या रेडवर (एकत्र जोडलेल्या डिस्कच्या गटावर) आहे. तिच्यापुढे एनव्हीएमई या वेगवान एसएसडीचा कॅशे (वारंवार लागणारा डेटा ठेवणारा जलद साठा) लावला, लिनक्स कर्नलमध्ये 2013 पासून असलेल्या बीकॅशेने. एकंदरीत समाधानी आहे, पण सगळ्याच कामांसाठी नाही.

सगळी व्हर्च्युअल मशिन एकदम सुरू होतात तेव्हा फरक सर्वांत जास्त जाणवतो. त्यांची बेस इमेज (ज्या मूळ डिस्क-प्रतीवरून ती बनवली ती) एकच असेल तर एकदा कॅशेत आलेला ब्लॉक सगळ्यांच्या कामी येतो. होस्ट रीबूट झाला तरी कॅशे टिकतो, हे मला फार आवडलं.

हिट रेशो, म्हणजे कॅशेतूनच भागलेल्या रीडचं प्रमाण, 90 टक्के दिसला की लोक खूश होतात. जरा हिशोब करा: हिटला 0.1 मिलिसेकंद आणि डिस्कला 10 धरले, तर सरासरी 1.09 येते. रेशो 95 झाला की ती 0.6 च्या आसपास, म्हणजे जवळपास निम्मी. त्यामुळे शेवटच्या काही टक्क्यांसाठी झगडणं सार्थकी लागतं. मात्र चुकलेल्या प्रत्येक रीडला डिस्कचे 10 मिलिसेकंद लागतातच, आणि तक्रारी नेमक्या तिथूनच येतात.

बॅकअपमुळे कॅशे धुऊन निघत नाही, कारण 4 एमबीच्या पुढचं सलग वाचन बीकॅशे थेट डिस्कवर सोडतो. एक सेटिंग मात्र जरूर तपासा: एसएसडीवरचं रीड 2 मिलिसेकंदांच्या वर गेलं की बीकॅशे ट्रॅफिक कॅशेला वळसा घालून पाठवू लागतो. एसएसडी चांगला असेल तर ही मर्यादा शून्य करून बंद करावी.

राइटचं काय? डीफॉल्ट राइट-थ्रू आहे, म्हणजे डिस्कवर लिहून झाल्याशिवाय राइट पूर्ण होत नाही, त्यामुळे डेटाबेसच्या कमिटला (बदल पक्के करण्याला) काहीच फायदा नाही. राइट-बॅकमध्ये, म्हणजे आधी एसएसडीवर लिहून डिस्कवर नंतर उतरवण्यात, वेग मिळतो, पण डिस्कवर न उतरलेला डेटा फक्त एसएसडीवर असतो. तो एसएसडी गेला तर मशिनची डिस्कच खराब. वीज गेल्यावरही डेटा राखणारे दोन एसएसडी मिरर केल्याशिवाय (दोन्हींवर एकच डेटा ठेवल्याशिवाय) मी राइट-बॅक कुणालाही सुचवणार नाही.

कॅशे त्या होस्टपुरताच असतो. मशिन दुसरीकडे हलवलं की तिथे कोरी सुरुवात. व्हीएमवेअरच्या फ्लॅश रीड कॅशेत मशिनसोबत कॅशेही नेता यायचा, पण त्यांच्याच व्हीस्फीअर या व्हर्च्युअल मशिनच्या सॉफ्टवेअरच्या 7.0 आवृत्तीत ती सोयच काढून टाकली.

डेटा आधीच एलव्हीएमवर (लिनक्सच्या डिस्क-व्हॉल्यूम व्यवस्थेवर) असेल तर तिचाच कॅशे, एलव्हीएमकॅशे, बघा. बीकॅशेसाठी साधारणपणे डिस्क नव्याने तयार करून डेटा हलवावा लागतो. एलव्हीएमकॅशे चालू व्हॉल्यूमला जोडता येतो आणि नको झाला की काढताही येतो.