एअरसेवा: विमान लेट झाल्यावर ही सरकारी सेवा किती कामाची?

पाचपैकी तीन गुण. एअरसेवा हे नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचं तक्रार पोर्टल आणि अ‍ॅप नोव्हेंबर २०१६ मध्ये सुरू झालं. तक्रार फुकट आहे, मोबाईलवरून पंधरा-वीस मिनिटांत होते आणि तक्रार क्रमांक मिळतो. तरीही पूर्ण गुण देता येत नाहीत, कारण तक्रार शेवटी त्याच विमान कंपनीकडे उत्तरासाठी जाते. भरपाईचा निवाडा इथे होत नाही. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, कंपनीला दंड करू शकते, जून २०२२ मध्ये एअर इंडियाला १० लाखांचा केला होता, पण असा दंड प्रवाशाच्या खात्यात येत नाही.

निराशेचं मोठं कारण मात्र पोर्टलबाहेर आहे. ‘विमान चार तास लेट, दहा हजार द्या’ असं लिहिलं तर ती तक्रार टिकत नाही. भारतात नुसत्या उशिरासाठी रोख भरपाईचा नियम नाही. उशिरासाठी जे मिळतं ते वेगळं आहे, आणि नेमकं तेच मागायचं राहून जातं.

डीजीसीएच्या सीएआर या नियमावलीच्या विभाग ३, मालिका एम, भाग ४ मध्ये हे लिहिलेलं आहे. तिकिटावरची सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ यातलं अंतर अडीच तासांपर्यंत असेल, तर दोन तास किंवा जास्त उशिराला खाणं-पिणं कंपनीने द्यायचं. चिकलठाण्याहून, म्हणजे संभाजीनगरच्या विमानतळावरून, मुंबई किंवा दिल्ली याच गटात येतात. अट एकच, तुम्ही वेळेत चेक-इन केलेलं हवं. देशांतर्गत विमान सहा तासांपेक्षा जास्त लेट होणार असेल, तर सहा तासांच्या आतलं दुसरं विमान किंवा पूर्ण रिफंड, निवड तुमची. रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेत सुटणारं विमान सहा तासांहून जास्त लांबलं, किंवा कुठलंही विमान २४ तासांहून जास्त लांबलं, तर हॉटेल आणि तिथवर ने-आण फुकट.

इथे मिनिटं मोजावी लागतात. मुंबईहून संभाजीनगरचं विमान रात्री ८:१० चं असेल आणि पहाटे ३ वाजता निघणार असेल तर हॉटेल मिळायला हवं. तेच विमान संध्याकाळी ७:४५ चं असेल तर पहाटेपर्यंत थांबूनही हॉटेलचा हक्क लागू होत नाही, रिफंडचा मात्र होतो. नांदेड किंवा चिकलठाण्याला येणारी विमानं मोजकीच, त्यामुळे सहा तासांतलं दुसरं विमान बहुधा नसतंच. अशा वेळी उशिराचा मेसेज लवकर आला असेल तर रिफंड घेऊन सीएसएमटीवरून रात्रीची देवगिरी एक्सप्रेस पकडणं जास्त शहाणपणाचं. पण रिफंड एकदा स्वीकारला की कंपनीची पुढची जबाबदारी संपते, हे लक्षात ठेवून काउंटरवर बोला.

रोख भरपाई आहे ती न कळवता रद्द केलेल्या विमानासाठी: एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५००, त्यापुढे १०,०००. पण ही कमाल मर्यादा आहे. एकेरी मूळ भाडं अधिक इंधन शुल्क यांची बेरीज कमी असेल तर तेवढंच मिळतं. उडान या सरकारी योजनेसारख्या स्वस्त तिकिटात मूळ भाडं १,८०० असेल आणि इंधन शुल्क नसेल, तर भरपाईही १,८०० च. कर आणि विमानतळ शुल्क त्यात धरत नाहीत. रिफंड याशिवाय वेगळा.

आपल्याकडे सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते एजंटच्या मोबाईल नंबरमुळे. तिकीट काढताना एजंट स्वतःचा नंबर टाकतो, रद्द झाल्याचा मेसेज त्याला जातो आणि कंपनी म्हणते, आम्ही कळवलं होतं. संपर्काची नीट माहिती दिलेली नसेल तर भरपाई नाकारता येते. तिकीट हातात आलं की लगेच कंपनीच्या साइटवर पीएनआर टाकून स्वतःचा नंबर आणि ईमेल नोंदवा.

दुसरी अडचण ‘हवामान’. पूर, दंगल, संप, सरकारी आदेश, हवामान, एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) ही कारणं कंपनीच्या ताब्याबाहेरची धरली जातात आणि मग भरपाई किंवा हॉटेल देणं बंधनकारक राहत नाही. जानेवारीत दिल्लीचं धुकं खरंच असतं. पण त्याच वेळी त्याच शहराची इतर विमानं सुटत असतील तर विमानतळावरच्या बोर्डाचा फोटो काढा, त्यात वेळ दिसू द्या. काउंटरवर उशिराचं कारण लेखी मागा. नाही दिलं तर तिथूनच कंपनीला ईमेल करा.

क्रम असा ठेवा: आधी कंपनीचं कस्टमर केअर, मग कंपनीचा नोडल (तक्रार निवारण) अधिकारी, मग अपील अधिकारी. त्यांची नावं-पत्ते कंपनीच्या साइटवर असतात. तिथे समाधान झालं नाही की एअरसेवा. तक्रारीत राग नको, आकडे हवेत: ‘नियोजित वेळ २०:१५, प्रत्यक्ष ०३:४०, उशीर ७ तास २५ मिनिटं, हॉटेल दिलं नाही, सोबतच्या बिलांची रक्कम परत करावी.’ बोर्डिंग पास, मेसेजचे स्क्रीनशॉट आणि बिलं जोडा. प्रवासाच्या तारखेला लागू असलेली नियमाची प्रत डीजीसीएच्या साइटवरून उतरवून घ्या, कारण नियमांत बदल होत असतात.

संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांतून जर्मनीला जाणाऱ्यांसाठी हिशोब निराळा आहे. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमानुसार फ्रँकफर्टहून मुंबईला पोहोचायला चार तास किंवा जास्त उशीर झाला आणि कारण कंपनीच्या ताब्यातलं असेल, तर ६०० युरो. विमान भारतीय कंपनीचं असलं तरी हे लागू होतं. जाताना, म्हणजे मुंबईहून फ्रँकफर्टला, फक्त युरोपीय कंपनीच्या विमानाला. ही मागणी थेट कंपनीकडे करायची, एअरसेवेवर नाही.

एअरसेवेवर ‘निकाली’ असा शेरा आला आणि पैसे आले नाहीत, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा किंवा सरळ जिल्हा ग्राहक आयोगात जा. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, म्हणजे परभणीच्या प्रवाशाला मुंबई गाठायची गरज नाही. तिकिटासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं, आणि ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून अर्ज ऑनलाइन होतो. एअरसेवेचा तक्रार क्रमांक आणि कंपनीचं तिथलं उत्तर पुरावा म्हणून जोडायचं. आमच्या तीन गुणांतले दोन याच कागदाचे आहेत.