जुन्या बाजारातला बूझी जी बास ट्रॉम्बोन : आठ महिन्यांच्या वापरानंतर

फेब्रुवारीतल्या एका रविवारी पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात हा ट्रॉम्बोन, म्हणजे सरकत्या नळीचं (स्लाइडचं) पितळी फुंकवाद्य, मिळाला. बेल (पुढचं कर्ण्यासारखं तोंड) चेपलेली, स्लाइड अर्ध्यातच अडकलेली, ठेवायच्या पेटीचा पत्ता नाही. तेव्हापासून आठवड्यातून चार दिवस वाजवतोय, रविवारी आमच्या हौशी ग्रुपमध्येही तोच नेतो. आधी माझ्याकडे साधा बी फ्लॅट टेनर होता, म्हणून तुलना त्याच्याशीच.

घेतला तेव्हा हे वाद्य नेमकं काय आहे हेच कळत नव्हतं. पहिल्या दुरुस्तीवाल्याने निकाल दिला, "टेनर आहे. कुणीतरी भलतीच लांब स्लाइड जोडलीय. कापून सरळ करून देतो." मी जवळजवळ हो म्हणालो होतो. घरी येऊन बाहेरच्या स्लाइडची आडवी पट्टी टॉर्चखाली धरली, तर तिच्यावर डाग देऊन (सोल्डरने) जोडल्याच्या दोन खुणा दिसल्या, भुईमुगाच्या दाण्याएवढ्या. तिथे पूर्वी काहीतरी जोडलेलं होतं. ते म्हणजे दांडी!

इंग्लंडमध्ये बास ट्रॉम्बोन बरीच वर्षं ‘जी’ (पांढरी पाच) सुरात असायचा, टेनरपेक्षा तीन अर्धस्वर खाली. नळी लांब, त्यामुळे स्लाइडही लांब. स्लाइडच्या सात जागांपैकी शेवटची, सातवी, टेनरवर पहिल्यापासून साधारण ५७ सेंटिमीटरवर येते, ‘जी’ ट्रॉम्बोनवर ६८ च्या आसपास. माणसाचा हात तिथे पोचत नाही, म्हणून पट्टीला बिजागरीची दांडी. १९५० नंतर रुंद बोअरचे (आतून रुंद नळीचे), एफ व्हॉल्व्हचे (कळ दाबली की नळी लांबते असे) अमेरिकन पद्धतीचे ट्रॉम्बोन तिकडे आले आणि दांडीवाले हळूहळू मागे पडले.

बेलवर पुसट कोरलंय : बूझी अँड कंपनी, २९५ रीजंट स्ट्रीट, लंडन. ‘हॉक्स’ नाही. बूझी आणि हॉक्स या दोन कंपन्या १९३० मध्ये एकत्र आल्या, म्हणजे वाद्य त्याआधीचं. नुसत्या आकारावरून मात्र ठरवू नका. मेरठलाही बऱ्याच वर्षांपासून ब्रिटिश नमुन्यांवर बँडची वाद्यं बनतात. विकणारा ‘मिलिटरीचा माल’ म्हणत होता, पण ब्रिटिश सरकारी मालावरचा रुंद बाण यावर कुठेच नाही, म्हणून मी तरी तसं म्हणणार नाही. वाद्यावरचा नंबर शाबूत असेल तर तो जपा, शोध घ्यायला उपयोगी पडेल. बूझी अँड हॉक्सचा संग्रह आणि जुनी दप्तरं लंडनच्या हॉर्निमन म्युझियममध्ये आहेत.

खरा पुरावा दिला तो आईच्या वाजवायच्या पेटीने, म्हणजे हार्मोनियमने. स्लाइड मोकळी झाल्यावर पहिल्या जागेचा सूर धरला आणि पेटीवर शोधायला लागलो. पांढरी पाच दाबली, ट्रॉम्बोन चढा. काळी चार दाबली, ट्रॉम्बोन उतरा. दोन्हींच्या मधोमध! तंबोऱ्याच्या अ‍ॅपवर ताडून पाहिलं, तेच. जुन्या इंग्रजी बँडांचा ‘हाय पिच’ तो हाच. ‘ए’ हा सूर आजच्या ४४० हर्ट्झऐवजी ४५२ च्या थोडा वर, म्हणजे जवळजवळ पाव स्वर चढा. लष्करी बँडांनी तो १९२० च्या दशकाच्या शेवटी सोडला, ब्रास बँडांनी थेट १९६० च्या दशकात. सूर चढा लागला म्हणून मी वाद्याला दोष देत होतो, आणि तीच त्याची जन्मखूण निघाली.

ग्रुपमध्ये वाजवायचं तर सूर उतरवणं भाग होतं. त्यासाठी नळीत साधारण नऊ सेंटिमीटर वाढ लागते, म्हणजे ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवायचा ‘यू’ आकाराचा सरकता तुकडा) दोन्ही बाजूंनी साडेचार सेंटिमीटर बाहेर. तेवढी ओढली की ती हातातच येते. शेवटी लांब पायांचा नवा ‘यू’ करून घेतला. दांडी नाना पेठेतल्या एका लेथवाल्याने पितळी सळईतून काढून दिली. बेलचे पोचे काढले तांबट आळीतल्या एका काकांनी. मठाराचा हातोडा त्यांनी बाजूला ठेवला, बेल लाकडी ठोकळ्यावर चढवली आणि आतून अंगठ्याने चाचपत म्हणाले, "हा पत्रा मारायचा नाही, फिरवायचा." पाऊण तास नुसता फिरवत होते.

आता वाजवण्याबद्दल. दांडीची सवय व्हायला दोन महिने गेले. चौथ्या जागेपर्यंत हात पट्टीवर, पुढे दांडीवर, आणि ही अदलाबदल सुरांच्या मध्येच करायची. जलद चालीत अजून चुकतो. बोअर आजच्या बासपेक्षा बराच अरुंद, बेल आठ इंचांच्याही आत. त्यामुळे आवाज रुंद नाही, पण काय धार आहे! हळू वाजवला तर सेलोसारखा गोल, जोर दिला की पत्रा पेटतो. इंग्रज संगीतकार होल्स्ट स्वतः ट्रॉम्बोन वाजवायचा, आणि १९१८ साली लंडनमध्ये त्याचं ‘द प्लॅनेट्स’ पहिल्यांदा झालं तेव्हा तिथला नेहमीचा बास ट्रॉम्बोन हा ‘जी’चाच होता. ते खालचे सूर यावर लावल्यावर असे का लिहिलेत ते कानाला पटतं. उलट संगीतकार बार्टोकच्या ‘कॉन्सर्टो फॉर ऑर्केस्ट्रा’मधली खालच्या बी ते एफ ही घसीट यावर निघतच नाही, कारण इथे खालच्या सी शार्पला स्लाइड संपते.

तो सी शार्पही माझा अर्धाच उरलाय. सूर उतरवला की प्रत्येक जागा थोडी लांबते. सातवी दोनेक सेंटिमीटर पुढे गेली, आणि स्लाइड तेवढी लांब नाही. शेवटचा सूर ओठाने ओढून आणावा लागतो.

माउथपीसचा त्रास आहे. आजच्या बासचे मोठ्या शँकचे (नळीत बसणाऱ्या टोकाचे) बसत नाहीत. पावसाळ्यात पाणी काढून, पुसून ठेवला नाही तर चार दिवसांत सांध्यांना कळंक धरतो. घरच्या पितळेसारखा चिंच-मीठ लावून मात्र घासू नका, कोरलेली अक्षरं जातील. ती गेली की मागे काही उरत नाही.

रोजच्या वाजवणीसाठी एकच बास ट्रॉम्बोन घ्यायचा असेल तर हा घेऊ नका, व्हॉल्व्हवाला घ्या. पण असा एखादा लांब स्लाइडचा, बेसूर वाटणारा तुकडा हाती आलाच, तर कुणालाही कापू देऊ नका. आधी पट्टीवरचे डाग बघा, मग पेटीवर सूर शोधा.

जुना ‘यू’ मी मलमलीत गुंडाळून ठेवलाय. घरी कुणी नसलं की तो लावतो आणि शेजारी पेटी न ठेवता वाजवतो. तेव्हा सातवी जागा बरोबर जिथे असायला हवी तिथे येते, आणि सी शार्प आपसूक लागतो.